पिशवीच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र

पिशवीचं ऑपरेशन झालं की थिएटरचं दार अर्धवट उघडतं आणि सिस्टर ट्रेमध्ये ठेवलेला गोळा नातेवाइकांना दाखवते. ‘बाप रे, एवढी मोठी गाठ होती?’ असं म्हणत सगळे माना हलवतात, कुणी मोबाइलवर फोटो काढतं, गावाकडे फोन जातात. सुटली बिचारी एकदाची! मेहकर असो की मलकापूर, बुलढाणा जिल्ह्यात हे काही नवलाचं दृश्य नाही. थोड्या वेळाने बाई बाहेर येते तेव्हा ती शांत असते, ओळखते, बोलते, चहा कधी मिळेल ते विचारते. कमरेत दिलेल्या इंजेक्शनचा अंमल अजून उतरलेला नसतो. चार-पाच वाजता पायाची बोटं हलायला लागतात आणि तिथून तिची खरी परीक्षा सुरू होते. तोवर फोटो काढणारे बरेचसे पाहुणे शेवटच्या एसटीच्या चिंतेत असतात.

सिझर, गर्भाशय काढणं, अंडाशयावरची गाठ, अशा पोटाखालच्या बहुतेक शस्त्रक्रिया आपल्याकडे स्पायनल देऊन होतात. स्पायनल म्हणजे मणक्यातल्या पाण्यात एकदाच सोडलेलं औषध. तीनेक मिलिलिटर बुपिव्हाकेन पुरतं आणि दोन ते चार तास कमरेखालचं सगळं बधिर राहतं. स्वस्त, खात्रीची आणि एकट्या भूलतज्ज्ञाला सांभाळता येण्याजोगी अशी ही भूल आहे. तिचा दोष एकच, ती उतरते. मग पोटावरचे टाके, आतली शिवण आणि ओटीपोटातली ओली जखम यांचा ठणका एकदमच सुरू होतो. पहिले चोवीस तास सगळ्यांत कठीण, त्याखालोखाल दुसरा दिवस.

या ठणक्यावरचा रिवाजाचा उपाय म्हणजे डायक्लोफेनॅकचं किंवा ट्रामाडॉलचं इंजेक्शन, तेही बहुधा मागितल्यावर. दुखायला लागणार, मग सोबतची बाई सिस्टरला शोधणार, सिस्टर डॉक्टरांना फोन करणार, इंजेक्शन टोचलं जाणार आणि अर्ध्या तासाने जरा बरं वाटणार. त्यातही एक अडचण आहे. आपल्याकडच्या बायका मागतच नाहीत. याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला आणि आधी कधी तपासणी झालेल्या बायका निघाल्या जेमतेम ८ टक्के. अंगावर काढणं इतकं अंगवळणी पडलेली बाई रात्री दोन वाजता ‘दुखतं’ म्हणून बेल कशाला दाबेल? सिस्टरने विचारलं तरी उत्तर ठरलेलं: ‘दुखते थोडंसं, चालते.’

म्हणून नुसतं ‘दुखतं का’ हे विचारणं पुरेसं नसतं. तिला खोकायला सांगावं. खोकण्याआधीच हात पोटावर गेला, श्वास अर्ध्यावर थांबला आणि खोकल्याच्या जागी नुसता घसा खाकरल्याचा आवाज आला, तर दुखणं किती आहे ते कळलं. निपचित पडून राहिल्यावर होणारी वेदना आणि कूस बदलताना, उठताना, खोकताना होणारी वेदना या दोहोंत बरंच अंतर असतं आणि प्रकृतीचं नुकसान दुसरी करते. पोट दुखतं म्हणून बाई उथळ श्वास घेते, त्यामुळे फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साचतो, ताप येतो. ती हलत नाही, त्यामुळे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. शिवाय सुरुवातीची तीव्र वेदना कधी कधी मुक्कामालाच राहते. डेन्मार्कमध्ये गर्भाशय काढलेल्या बाराशेहून अधिक स्त्रियांना वर्षभराने विचारलं गेलं, तेव्हा सुमारे ३२ टक्के स्त्रियांना दुखणं उरलेलं होतं. हा अभ्यास २००७ सालचा. ऑपरेशनआधीच ओटीपोटात दुखत असलेल्या बायकाही त्यात होत्या, हे खरं. पण ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर वेदना किती आवरली गेली याचाही यात वाटा असतो, असं भूलशास्त्र आता मानतं.

एपिड्यूरल येतं ते इथे. गावात त्यालाही ‘कमरेतलं इंजेक्शन’च म्हणतात, त्यामुळे स्पायनल आणि एपिड्यूरल यांची गल्लत होते. मज्जारज्जूभोवती पाणी असतं आणि त्या पाण्याभोवती ड्यूरा नावाचं आवरण. स्पायनलची सुई हे आवरण भेदून पाण्यात जाते, एपिड्यूरलची सुई त्याच्या अलीकडेच थांबते. आवरणाच्या बाहेर काही मिलिमीटरची एक फट असते. तिच्यात थोडी चरबी आणि शिरा असतात आणि मज्जारज्जूतून निघालेल्या नसा तिच्यातूनच बाहेर पडतात. त्या फटीत बारीक नळी ठेवून दिली की औषध पुन्हा पुन्हा देता येतं, दोन-तीन दिवससुद्धा. गर्भाशयाची आणि ओटीपोटावरच्या छेदाची वेदना छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या नसांतून वर जाते. नेमक्या तेवढ्याच नसा सौम्य औषधात बुडवून ठेवायच्या, बाईला पोट दुखू द्यायचं नाही आणि पाय मात्र तिच्या ताब्यात ठेवायचे, असा हा सगळा बेत असतो.

ही फट शोधणारा माणूस युद्धातला होता. फिदेल पाजेस हा स्पॅनिश लष्करी शल्यचिकित्सक. त्याने १९२१ मध्ये ४३ शस्त्रक्रियांचा अनुभव छापला, तोही स्पॅनिशमध्ये, त्यामुळे इतरत्र कुणाचं लक्ष गेलं नाही. दोन वर्षांनी तो मोटार अपघातात गेला. पुढे १९३१ मध्ये इटलीच्या दोलिओत्तीने हीच पद्धत स्वतंत्रपणे मांडली आणि बरीच वर्षं श्रेय त्यालाच मिळालं. तोवर एपिड्यूरलही एकदाच द्यायचं इंजेक्शन होतं. नळीची कल्पना आली क्यूबातून. मॅन्युएल मार्तिनेस कुर्बेलो हा हवानाचा भूलतज्ज्ञ अमेरिकेत मेयो क्लिनिकला जाऊन आला. तिथे एडवर्ड टूही टोकाशी वळलेली एक सुई वापरत असे. त्या सुईचं मूळ डिझाइन राल्फ ह्यूबर नावाच्या दंतवैद्याचं. कुर्बेलोने ती सुई घेतली, मूत्रवाहिनीत घालायची बारीक नळी तिच्यातून आत सरकवली आणि जानेवारी १९४७ मध्ये एका चाळीस वर्षांच्या बाईच्या अंडाशयावरची प्रचंड गाठ काढताना ती नळी प्रथम वापरली. म्हणजे नळीच्या एपिड्यूरलचा जन्मच स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेत झालेला आहे. प्रसूतिकळांशी त्याचं नाव नंतर इतकं जोडलं गेलं की ही गोष्ट मागे पडली.

सुई आजही टूहीच्याच नावाची आहे. बाईला टेबलावर पाय सोडून बसवतात, मांडीवर उशी देतात, मावशी समोरून खांदे धरते. ‘हनुवटी छातीला लावा, पाठ बाहेर काढा, हलू नका.’ आधी बारीक सुईने कातडी बधिर केली जाते. मग ती जाड सुई दोन मणक्यांच्या मधून हळूहळू आत जाते. तिला सलाइन भरलेली सिरिंज जोडलेली असते आणि भूलतज्ज्ञाचा अंगठा तिच्या दांड्यावर. कच्च्या पेरूत दाभण घालावा तसा रेटा लागत असतो, दांडा जागचा हलत नाही. कातडीपासून चार-पाच सेंटिमीटर आत, जाड शरीरात त्याहून खोल, पिवळ्या रंगाचा एक चिवट बंध लागतो. तो ओलांडला की अंगठ्याखालचा विरोध एकाएकी नाहीसा होतो आणि सलाइन सुळकन आत जातं. तीच फट. आणखी काही मिलिमीटर पुढे गेलं तर आवरणाला भोक पडणार. हे सगळं दिसत नाही, अंगठ्यालाच कळतं, म्हणून ही विद्या पुस्तकातून येत नाही. मग सुईतून नळी घालायची, चार-पाच सेंटिमीटर आत ठेवायची, सुई काढून घ्यायची आणि नळी पाठीवरून खांद्यापर्यंत चिकटपट्टीने बसवायची.

लगेच सगळं औषध देत नाहीत. आधी अॅड्रेनलिन मिसळलेलं तीन मिलिलिटर लिग्नोकेन चाचणीपुरतं देतात. नाडी एकदम वाढली तर नळी शिरेत गेलेली आहे. पाय झटकन जड झाले तर ती पाण्यात गेलेली आहे. दोन्ही झालं नाही तरच पुढे जायचं. ऑपरेशनसाठी अर्धा टक्का तीव्रतेचं बुपिव्हाकेन लागतं. नंतरच्या वेदनेसाठी त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा तीव्रता पुरते, त्यात किंचित फेंटानिल घालतात आणि पंपाने तासाला काही मिलिलिटर जात राहतं. ही जोडी जमली १९७९ नंतर, जेव्हा जेरुसलेमच्या डॉक्टरांनी एपिड्यूरलमधून फेंटानिलच्याच जातीचं मॉर्फिन अगदी थोडं देऊन वेदना थांबते हे दाखवलं. दोन्ही औषधं थोडी थोडी दिली की कुठल्याच एकाचा अतिरेक होत नाही.

इथपर्यंतची गोष्ट कौशल्याची आहे आणि कौशल्य बुलढाण्यातही आहे. घोडं अडतं ते पुढे. तालुक्याच्या गावातला भूलतज्ज्ञ एका दवाखान्याचा नसतो. सकाळी एकीकडे सिझर, दुपारी दुसरीकडे हर्निया, तेवढ्यात तिसरीकडून फोन. स्पायनल देऊन, बाईचं बीपी नीट पाहून त्याला निघता येतं. एपिड्यूरलची नळी ठेवली की मात्र तो त्या पलंगाशी बांधला जातो. औषध चालू असेपर्यंत दर तासा-दोन तासांनी बीपी, श्वास, झोपेची गुंगी, पाय हलतात की नाही हे कुणीतरी पाहून कागदावर लिहायला हवं आणि काही वेगळं दिसलं तर काय करायचं हे ठाऊक असलेला माणूस जवळपास हवा. एक सिस्टर आणि वीस पलंग अशा रात्रपाळीत हे कसं जमावं? फेंटानिल आणि मॉर्फिनची आणखी एक गंमत आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने छोट्या दवाखान्यांनी ही औषधं ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा बदलून वैद्यकीय वापरासाठी परवान्याची वाट सोपी करण्यात आली, तरी धाक काही गेला नाही.

म्हणून ‘आमच्याकडे एपिड्यूरल करतात’ या वाक्याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. रात्री अकरा वाजता त्या नळीची जबाबदारी कुणाकडे असते, हे विचारावं. जिल्ह्याला वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या एकूण दहा नव्या सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यात बुलढाणाही होतं. इमारत आणि प्रवेश यांची चर्चा भरपूर झाली. ऑपरेशन झालेल्या बाईच्या दृष्टीने त्याचा मोठा फायदा असा की पुढे कधीतरी तिथे भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर रात्रपाळीला असतील. तोवर जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातल्या बायका अकोल्याला आणि घाटावरच्या संभाजीनगरला जात राहणार.

दुष्परिणामांत रोज भेटणारे साधे आहेत. बीपी उतरतं, आणि महिनोन् महिने रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन खाली गेलेल्या, उपाशीपोटी अंगातलं पाणी कमी झालेल्या बाईचं जास्तच. सलाइन आणि गरज पडल्यास औषध देऊन ते सावरतं. फेंटानिलने नाक-चेहरा खाजतो. लघवी अडते, पण तशीही या ऑपरेशननंतर पहिला दिवस लघवीची नळी असतेच. सुईने आवरणाला चुकून भोक पडलं, आणि शंभरात एखाद्या वेळी ते पडतं, तर बसल्यावर उठणारी आणि आडवं पडल्यावर थांबणारी डोकेदुखी मागे लागते. ती बहुधा आपोआप जाते. फारच छळलं तर बाईचंच थोडं रक्त त्या जागी सोडून भोक बुजवता येतं.

आणि कंबर. ‘पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची जाते,’ हे सिंदखेडराजापासून संग्रामपूरपर्यंत एकमुखाने सांगितलं जातं. सुईच्या जागी काही दिवस मुका मार लागल्यासारखं दुखतं, हे खरं आहे. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा संबंध मात्र अभ्यासांत जुळलेला नाही. हे अभ्यास मुख्यतः प्रसूतीत एपिड्यूरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करून झाले आणि दोन्ही गटांत पुढची कंबरदुखी सारखीच निघाली. कापूस वेचायला आणि सोयाबीन सोंगायला वाकणारी कंबर, त्यात चाळिशीच्या आतच अंडाशयासकट पिशवी काढल्याने ठिसूळ होत जाणारी हाडं, यांची कारणं सोडून दोष सुईला देणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं. पिशवी काढण्याची खरंच गरज होती का, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. बीडमध्ये ऊसतोड कामगार ८२,३०९ बायकांची पाहणी झाली तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली होती. तो विषय निराळ्या लेखाचा, पण अनावश्यक ऑपरेशननंतर वेदनाशमन कितीही उत्तम झालं तरी त्याला काय अर्थ?

भीती बाळगायचीच तर ती एका दुर्मीळ गोष्टीची. नळीच्या जागी रक्त साचून किंवा पू होऊन मज्जारज्जू दाबला जाणं. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वर्षभरातल्या सात लाखांहून अधिक स्पायनल-एपिड्यूरलचा हिशेब मांडून २००९ मध्ये अहवाल दिला. कायमची इजा लाखात दोन ते चार जणांना झाली होती. प्रसूतीतल्या एपिड्यूरलमध्ये हे प्रमाण त्याहूनही कमी, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दिलेल्यात जास्त. आकडा लहान आहे, पण यात घड्याळ फार महत्त्वाचं असतं. औषध बंद करूनही पायातला जोर परत येत नाही, उलट कमी होत चाललाय, पाठ भयंकर दुखतेय, ताप चढलाय, तर तातडीने एमआरआय व्हायला हवा आणि दाब असेल तर काही तासांत, आठ-बारा तासांच्या आत, शस्त्रक्रिया. खामगावहून अकोला पन्नासेक किलोमीटर, बुलढाण्याहून संभाजीनगर दीडशेच्या आसपास. ‘सकाळी साहेब येतील तेव्हा बघू’ हे वाक्य इतर कुठल्या तक्रारीला एक वेळ चालेल, या तक्रारीला नाही. रक्त गोठण्यात दोष असेल, प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पाठीवर सुईच्या जागी गळू असेल, तर एपिड्यूरल देऊच नये, ते याच कारणासाठी.

मग प्रत्येक पिशवीच्या ऑपरेशनला एपिड्यूरल हवंच का? मला वाटतं, नको. खालून काढलेली पिशवी किंवा दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन यांत पोटावर मोठा छेद नसतो, गोळ्या-इंजेक्शनांनी भागतं. बिकिनीच्या रेषेत आडव्या छेदातून केलेल्या नेहमीच्या ऑपरेशनलाही सोपे पर्याय आहेत. स्पायनलच्याच वेळी अगदी थोडं, मिलिग्रॅमचा दहावा भाग, मॉर्फिन घातलं की जवळपास दिवसभर आराम मिळतो, मात्र श्वासावर रात्रभर लक्ष हवं. टाके घालताना छेदात बधिरतेचं औषध भरता येतं. पोटाच्या स्नायूंच्या थरांत सोनोग्राफीवर पाहून इंजेक्शन देता येतं. टॅप ब्लॉक या नावाची ही पद्धत २००१ पासूनची, आणि तिला रात्रीची राखण जवळजवळ लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्याला ती अधिक मानवणारी आहे. जगभरच स्त्रीरोग शस्त्रक्रियांत आता या सोप्या उपायांकडे कल झुकतो आहे. एपिड्यूरलची खरी किंमत कळते ती कर्करोगासाठी बेंबीच्या वरपर्यंत उभा छेद घेतलेल्या बाईला, मोठ्या गाठींच्या लांबलेल्या ऑपरेशनला, दमा असलेल्या किंवा वर्षानुवर्षं चुलीचा धूर फुप्फुसात साठलेल्या बाईला. तिने दुसऱ्या दिवशी जोरात खोकावं, यासाठी ती नळी आहे.

यातलं काहीही ठरवलं तरी ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भूलतज्ज्ञ तपासायला येतो तेव्हा ठरतं. जिचं पोट उघडणार आहे तिलाच तेव्हा बोलू द्यावं. आपल्याकडे उत्तरं नवरा देतो आणि फार तर सासू. रात्री दुखलं तर काय देणार, कोण देणार, न मागता वेळेवर मिळेल का, एवढं तिने विचारलं तरी पुष्कळ. रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असेल, अगदी गावठी डॉक्टरने दिलेली असली तरी, तीही तेव्हाच सांगावी.

नळी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघते. ओढताना दुखत नाही, चिकटपट्टी निघताना जे काही कुरकुरेल तेवढंच. गुठळी होऊ नये म्हणून हेपरिनची इंजेक्शनं चालू असतील तर शेवटच्या डोसनंतर बारा तास थांबूनच नळी काढायची असते आणि बाहेर आल्यावर तिचं टोक अख्खं आहे ना हे पाहून तसं केसपेपरवर लिहायचं असतं. पॅरासिटामॉल मात्र नळी निघण्याच्या आधीच सुरू व्हायला हवं, ठरावीक वेळेला, दुखो न दुखो, आणि वजन पाहून. एक ग्रॅमचा डोस हा पन्नास किलोच्या वरच्या माणसाचा आहे, चाळीस-बेचाळीस किलोच्या बाईला किलोला पंधरा मिलिग्रॅम या हिशेबाने सहाशेच्या आसपास पुरतं.